पर्वरीतला पुतळा आणि ‘उदात्तीकरण’ नावाचा शिक्का

गोव्यातल्या पर्वरीच्या ‘ओ कोकेरो’ रेस्टॉरंटात ६ एप्रिल १९८६ रोजी मुंबई पोलिसांच्या मधुकर झेंडे यांनी सीरियल किलर चार्ल्स शोभराजला धरलं. पुढे तिथे पुतळा बसला तो शोभराजचा, धरणाऱ्याचा नव्हे. पर्यटक शेजारी बसून फोटो काढून घेत.

असल्या माणसावर सिनेमा आला की परीक्षणात एक शब्द ठरलेला: उदात्तीकरण. झालंय किंवा नाही, एवढं सांगितलं की समीक्षक मोकळा. कुठल्या शॉटमध्ये झालं ते कोणी लिहीत नाही. वास्तविक हे बरंचसं मोजता येतं. दुसऱ्यांदा बघताना वहीत तीन रकाने आखायचे. बळी पडणाऱ्याला नाव आहे का, आणि मरणाआधी पडद्यावर किती मिनिटं मिळाली? वार होताना कॅमेरा कोणाच्या बाजूला उभा आहे? त्या क्षणी आवाज कसला, पार्श्वसंगीत की नुसता खोलीतला पंखा?

फ्रिट्झ लांगचा ‘एम’ (१९३१) असा बघा. एल्सी या लहान मुलीचा खून दिसतच नाही. आई जिन्यात हाका मारते, टेबलावर रिकामी बशी, झुडपातून चेंडू घरंगळत येऊन थांबतो, फुगा तारांत अडकतो. याला ‘संयम’ म्हणून पुढे सरकणं आळशीपणाचं आहे. लांगने वेळ आईच्या वाट बघण्याला दिलाय, खुन्याच्या हातांना नाही.

उलट मायकल पॉवेलचा ‘पीपिंग टॉम’ (१९६०). तिथे खुन्याच्या कॅमेऱ्याच्या तिकाटण्याच्या (ट्रायपॉडच्या) एका पायातच पातं लपवलेलं, वर आरसा, म्हणजे मरणारीला स्वतःची भीती दिसावी. आणि आपण बघतो ते व्ह्यूफाइंडरमधून. ब्रिटिश समीक्षकांनी पॉवेलला इतकं झोडपलं की त्याची तिथली कारकीर्द जवळपास संपली. दुसऱ्या रकान्याचं उत्तर त्यांना झोंबलं असणार: कॅमेरा खुन्याच्या हातात, आणि डोळे आपले.

इफ्फीत, म्हणजे गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, दुसरा शो मिळेलच असं नाही. मग बाहेर येऊन कॉफीच्या रांगेत लागण्याआधी रकाने भरून टाकावेत. पुढचा सिनेमा बघून आलात की याचं रक्त त्यात मिसळतं. नटाबद्दल सगळ्यात शेवटी लिहावं. ‘भूमिका अक्षरशः जगला’ हे वाक्य खुन्याच्या बाबतीत लिहिताना निदान एकदा मोठ्याने वाचावं.

शोभराजकडे परत. ‘मैं और चार्ल्स’मध्ये (२०१५) रणदीप हुडाची ऐट डोळ्यांत भरते. चिन्मय मांडलेकरच्या ‘इन्स्पेक्टर झेंडे’त (२०२५) नाव बदलून कार्ल भोजराज केलंय आणि सगळा मामला विनोदाचा. ऐट गेली, हे चांगलंच झालं. पहिल्या रकान्यापाशी मात्र दोन्हीकडे पेन अडतं. शोभराजचं ‘बिकिनी किलर’ हे टोपणनाव परीक्षणांत सर्रास येतं. १९७५ साली थायलंडच्या किनाऱ्यावर सापडलेल्या ज्या तरुणीमुळे ते पडलं, तिचं नाव मुद्दाम शोधावं लागतं.