रेडिएटर घेताना बॉक्सवरच्या वॉटवर जाऊ नका

घर गरम ठेवायला भिंतीवर लावतात तो गरम पाण्याचा रेडिएटर घ्यायला निघालेली माणसं आधी रंग बघतात, मग भिंतीवर मावेल का ते बघतात आणि वॉट बघितलेच तर अगदी शेवटी, तेही छापलेला आकडा जसाच्या तसा धरून. आकडा खोटा नसतो, पण तो किती गरम पाण्यावर मोजलाय ते बघायला लागतं. युरोपातल्या ईएन ४४२ स्टँडर्डच्या टेस्टमध्ये पाणी ७५ अंशांना आत शिरतं, ६५ ला बाहेर पडतं आणि खोली असते २० वर. म्हणजे पाण्याची सरासरी ७०, खोलीशी फरक ५० अंशांचा. आता तुमच्याकडे हीट पंप (बाहेरची उष्णता विजेवर घरात आणणारं यंत्र) असेल, किंवा बिल वाचवायला पाणी तापवणाऱ्या बॉयलरचं तापमान खाली आणलं असेल आणि रेडिएटरमधलं पाणी सरासरी ५० चंच असेल, तर फरक उरला ३०, आणि गंमत म्हणजे उष्णता नुसती त्या हिशोबात कमी होत नाही, त्याहून जास्त पडते, जवळपास निम्म्यावर येते. १५०० वॉटचा म्हणून आणलेला रेडिएटर मग साधारण पावणेआठशे वॉट देतो आणि ऐन थंडीत घरात चर्चा सुरू होते की हीट पंपच बेकार. पंप बिचारा ठीक असतो हो, रेडिएटर लहान पडलेला असतो.

भिंतीवर जागा नसेल तर लांबी वाढवायच्या भानगडीत न पडता टाइप बदलायचा. टाइप ११ म्हणजे एक पॅनल आणि त्यामागे पत्र्याच्या पन्हाळ्यांची एक रांग, २२ मध्ये दोन्ही दोन-दोन, ३३ मध्ये तीन-तीन. उंची-लांबी तीच राहते, फक्त भिंतीपासून जास्त पुढे येतो.

बिडाचे जुने रेडिएटर दिसतात झकास, पण ते तापायला वेळ घेतात आणि निवायलाही. दिवसभर हीटिंग चालू असणाऱ्या घरात छान, सकाळी तासभर लावून बाहेर पडणाऱ्यांनी माझ्या मते त्या मोहात पडू नये. ॲल्युमिनियमचे पटकन तापतात, पण त्यात घालायचं गंजरोधक केमिकल ॲल्युमिनियमला चालणारं आहे ना हे बसवणाऱ्याला विचाराच, कारण सगळी केमिकल्स चालत नाहीत. आणि एवढं सगळं निवडून झाल्यावर त्याच्यासमोर सोफा ढकलायचा आणि वरून जमिनीपर्यंत पडदा सोडायचा, याला काय म्हणावं!

आता देखभाल. काही उघडायच्या आधी रेडिएटर तापू द्या आणि नीट बेताने हात फिरवून बघा. वरून गार आणि खाली गरम असेल तर आत हवा साठलीय. उलट, खाली मधोमध गार आणि बाकी गरम, तर तिथे गाळ बसलाय, मग हवा कितीही काढा, फरक पडणार नाही.

हवा काढायची तर हीटिंग बंद करून पाणी निवू द्यायचं, खाली भांडं आणि हातात जुनं फडकं धरायचं, वरच्या कोपऱ्यातला स्क्रू चावीने पाव ते अर्धा फेराच सैल करायचा. आधी फुसफुस येते, मग थुंकल्यासारखं पाणी उडतं आणि मग सलग धार लागते, लागली की लगेच बंद. नंतर बॉयलरचं प्रेशर बघायला विसरू नका, बंद सिस्टीममध्ये ते गार असताना साधारण १ ते १.५ बार हवं, कमी असेल तर पाणी भरा.

फडक्यावर पाणी काळंभोर आलं तर मात्र जरा थांबा. ती लोखंडाच्या गंजाची बारीक काळी पूड, मॅग्नेटाइट, चुंबकाला चिकटते आणि म्हणूनच बॉयलरकडे परतणाऱ्या पाइपवर मॅग्नेटिक फिल्टर बसवतात. सिस्टीम फ्लश करून गंजरोधक घालावं लागतं. सारखं सारखं पाणी भरावं लागत असेल तर कुठेतरी गळतंय, ते आधी शोधा, कारण प्रत्येक वेळी नव्या पाण्याबरोबर नवा ऑक्सिजन आत जातो आणि गंज वाढतच राहतो.

बॉयलरजवळचे रेडिएटर कडक तापलेत आणि टोकाच्या खोलीतला कोमट, असं असेल तर नवा घेऊ नका. पाणी सोपा रस्ता धरतं. प्रत्येक रेडिएटरच्या दुसऱ्या टोकाला टोपीखाली एक व्हॉल्व्ह असतो, जवळच्यांचा थोडा थोडा आवळायचा, लांबच्यांचा मोकळा ठेवायचा. किचकट नाही पण वेळखाऊ आहे, एकदा फिरवलं की पाणी स्थिरावेपर्यंत थांबायचं आणि मगच पुढच्याला हात लावायचा.

थर्मोस्टॅटवाल्या व्हॉल्व्हचं, म्हणजे खोलीच्या तापमानाप्रमाणे पाणी आपोआप कमी-जास्त करणाऱ्या आकडेवाल्या व्हॉल्व्हचं, एकच सांगतो, ५ वर फिरवल्याने खोली लवकर तापत नाही, फक्त जास्त तापेपर्यंत चालू राहते. बहुतेकांवर ३ म्हणजे २० च्या आसपास. उन्हाळ्यात तो पूर्ण उघडा ठेवा, नाहीतर आतली पिन दाबलेल्या जागीच अडकते. अडकलीच तर वरचं डोकं काढून पिन हलकेच आत-बाहेर करायची, पकडीने ओढायची नाही, कारण ती उपसून आली तर पाणी थेट अंगावर.