तुलांबेन, तिसरी अमावास्या: दिवेवाला मासा सापडला

मिळाला एकदाचा! इथे बालीत पाण्याखाली पडलेल्या लिबर्टी जहाजाच्या पोटातल्या दिवेवाल्या माशाचा एक धड फोटो. एकच, पण डोळ्याखालचा घेवड्याच्या दाण्यासारखा दिवा अगदी स्वच्छ आलाय.

अडचण जुनीच. टॉर्च लावला की मासे गायब, विझवला की कॅमेऱ्याला फोकस सापडत नाही. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सुचवलेला लाल दिवा लावून पाहिला. मासे थांबले, पण लाल उजेड पाण्यात फार लांब जात नाही. लेन्स नुसती पुढेमागे फिरत राहिली. म्हणून यंदा उथळ पाण्यातच बडीच्या, म्हणजे डाइव्हमधल्या जोडीदाराच्या, पाटीवर हातभर अंतराचा फोकस लावला, ऑटोफोकस बंद केला आणि मगच जहाजाकडे वळलो.

पहिल्या रात्रीच्या ८४ फ्रेम्स, सगळ्या धूसर. खोलीवर येऊन हाउसिंग (कॅमेऱ्याची जलरोधक पेटी) उघडलं तर फोकस गिअर, म्हणजे बाहेरून फोकस फिरवायचं चाक, लेन्सवर सैल फिरत होता. स्वस्तातला, प्लास्टिकचा, ऑनलाइन मागवलेला. गिअर हाउसिंगवाल्यांचाच घ्यावा, माझं तर आता ठाम मत झालंय. दुसऱ्या दिवशी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून आत घट्ट बसवली. तसूभरही हलला नाही!

रात्री सगळे दिवे विझवून, डाइव्ह काँप्युटरच्या उजेडावर हात झाकून जहाजाच्या पत्र्यालगत थांबलो. आधी दोन ठिपके, मग वीस, मग गंजलेल्या कडेवर त्यांचाच निळसर हिरवा उजेड सरकताना दिसू लागला. स्ट्रोब (पाण्याखालचा फ्लॅश) एकदाच उडवला. फोटोत पाठीवर दोन पर आहेत, म्हणजे अ‍ॅनोमॅलोप्स. दिवेवाल्या माशांतल्या दुसऱ्या प्रकाराला, फोटोब्लेफेरॉनला, एकच असतो. तो दिव्यावर पडदा ओढतो. फोटोतला हा मात्र अख्खा दिवाच आत वळवतो, कारण त्यातले जिवाणू सतत चमकतच असतात.

पण त्या एका लखलखाटानंतर थवा जो आत गेला, तो आम्ही वर येईपर्यंत फिरकला नाही. ते मनाला लागलं. परतताना स्पॅनिश डान्सर (मोठी लाल समुद्री गोगलगाय) दिसली, अंगावर एम्परर झिंगा घेऊन. एरवी तिच्यावर अख्खी पोस्ट लिहिली असती.

पुढच्या अमावास्येला व्हिडिओ, तोही विनास्ट्रोब, असं ठरवलं होतं. पण आत्ता लिहिताना सुचलं: एका सेकंदाचं एक्स्पोजर ठेवलं तर प्रत्येक माशाची तुटक रेघ उमटेल आणि तिच्यातल्या फटींवरून उघडझाप मोजता येईल. कॅमेरा मात्र अजिबात हलता कामा नये. वाळूत रुतून राहणारा छोटा ट्रायपॉड कोणी वापरलाय का? वजनाची पिशवी पायांना बांधावी, की मधे टांगावी?