स्लोवर चढ-उतार करणारी रेस: तीन रविवारांच्या कामाची नोंद

माझ्या शंभर सीसीच्या, चार-स्ट्रोक, कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) असलेल्या जुन्या मोटारसायकलची तक्रार अशी होती की इंजिन गरम झाले की स्लोवर, म्हणजे थ्रॉटल सोडून इंजिन नुसते चालू ठेवल्यावर, रेस (इंजिनाचा वेग) आपोआप चढे, पुन्हा खाली येई आणि कधी कधी गाडी सिग्नललाच बंद पडे. प्लगच्या वायरला वेढा देऊन लावायचे छोटे टॅकोमीटर जोडून पाहिले, तेव्हा मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा आकडा ११०० आणि २२०० यांच्या दरम्यान सारखा हेलकावे खात होता. पुस्तिकेप्रमाणे तो १४०० च्या आसपास राहायला हवा. मात्र रस्त्यावर चाळीसच्या वेगाने गाडी अगदी सुरळीत धावे, आणि स्लोवर असताना चोक अर्धा ओढला की रेस लगेच स्थिर होई.

माझ्या मते निदानाचा अर्धा भाग या दोन लक्षणांतच आहे. चोक ओढल्याने मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते, म्हणजे स्लोवर पेट्रोल कमी पडत होते किंवा हवा जास्त होत होती. थ्रॉटल जवळजवळ बंद असताना इनटेकमध्ये (इंजिनात मिश्रण जाण्याच्या वाटेत) ओढ सर्वांत जास्त असते आणि इंजिन घेते ती एकूण हवा फारच थोडी असते, त्यामुळे केसाएवढ्या फटीतून शिरणारी हवासुद्धा मिश्रण बिघडवते. थ्रॉटल उघडला की तीच फट नगण्य ठरते. म्हणून, वेगात गाडी चांगली चालते एवढ्यावरून कार्बोरेटरला निर्दोष ठरवू नये.

पहिला रविवार टॅपेट (झडपांजवळ ठेवायचे बारीक अंतर) आणि पायलट जेट (स्लोवर पेट्रोल देणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा) यांत गेला. इंजिन पूर्ण थंड असताना, फ्लायव्हीलवरची ‘टी’ खूण जुळवून आणि पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला असल्याची खात्री करून, मी फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांच्या मापकाने) अंतर मोजले. दोन्ही झडपांना ०.०५ मि.मी. हवे होते, इनटेकचे बरोबर निघाले, पण एक्झॉस्टकडे ०.०५ ची पाती शिरतच नव्हती. ते अंतर नीट केल्यावर स्लोवरचे मिसिंग (इंजिनाचा ठोका मधूनच चुकणे) आणि हँडलला जाणवणारे धक्के थांबले, पण चढ-उतार तसाच राहिला. पायलट जेट उजेडाकडे धरून पाहिला, तर त्याचे भोक स्वच्छ होते. तरीही मी तो आणि त्याच्या वाटा क्लीनरने धुतल्या, आणि फरक पडला नाही. जेटमध्ये तार घालू नये, हे येथे आवर्जून लिहितो. पितळ मऊ असते आणि भोक मोठे झाले की नवा जेट घेण्यावाचून उपाय उरत नाही.

पेट्रोल पुरेसे येत असेल तर जास्तीची हवा शोधायची, हे दुसऱ्या रविवारचे काम होते. गरम इंजिनावर पेट्रोल किंवा क्लीनर फवारून गळती शोधण्याची पद्धत मला आगीच्या भीतीने पटत नाही, म्हणून मी सिरिंजमध्ये साबणाचे घट्ट पाणी घेतले आणि इंजिन स्लोवर ठेवून कार्बोरेटर व इंजिनाचे हेड यांच्यामधल्या सांध्यावर थेंब थेंब सोडत गेलो. वरच्या बाजूला काही झाले नाही. खालच्या बाजूला मात्र फेस सांध्यावर ठरेचना. प्रत्येक स्ट्रोकबरोबर तो आत ओढला जात होता, आणि फट ओली असेपर्यंत, म्हणजे दोन-तीन सेकंद, रेस स्थिर राहत होती.

तिसऱ्या रविवारी कार्बोरेटर उतरवला. फ्लँजच्या (हेडला बोल्टने बसणाऱ्या त्याच्या सपाट तोंडाच्या) खाचेतली ओ-रिंग, म्हणजे सांधा बंद करणारी रबरी कडी, गोल राहिलेली नव्हती. ती फितीसारखी चपटी झाली होती, नख रुतत नव्हते आणि वाकवल्यावर तिच्यावर बारीक भेगा उघडत होत्या. फ्लँजवर स्टीलची पट्टी आडवी धरली तेव्हा मधोमध उजेड दिसला आणि ०.१० ची पाती सहज आरपार गेली. मागे पेट्रोलचा वास येत होता म्हणून मीच दोन्ही बोल्ट जोर लावून आवळले होते. अशा आवळण्याने फ्लँजचे कान हेडकडे वाकतात, मधला भाग मागे राहतो आणि ओ-रिंगवरचा दाब कमी होतो. जाड काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून, कार्बोरेटरची सर्व भोके बंद करून, मी फ्लँज आठच्या आकड्यात हलक्या हाताने घासला आणि सगळीकडे सारखी मंद झाक येताच थांबलो, कारण जास्त घासल्यास ओ-रिंगची खाच उथळ होते. नवी ओ-रिंग नायट्राईल रबराची घेतली. पाण्याच्या नळासाठीची काही रबरे पेट्रोलमध्ये फुगतात.

स्लोवरचे मिश्रण जुळवणाऱ्या एअर स्क्रूची नोंद महत्त्वाची वाटते. माझ्या कार्बोरेटरवर तो फिल्टरच्या बाजूला आहे, म्हणजे आत फिरवल्यावर मिश्रण घट्ट होते, त्यात पेट्रोलचे प्रमाण वाढते. इंजिनच्या बाजूला असेल तर नेमके उलट घडते. काम सुरू करताना तो पूर्ण बंद स्थितीपासून जेमतेम अर्धा फेरा बाहेर होता, कारण मीच गळती झाकण्यासाठी तो हळूहळू आत नेत आलो होतो. आता इंजिन गरम करून जुळवल्यावर तो पावणेदोन फेऱ्यांवर बसला आहे.

टॅकोमीटरचा आकडा आता १३८० ते १४३० च्या दरम्यान राहतो. दीडशे किलोमीटरनंतर काढून पाहिलेल्या प्लगचे टोक फिकट तपकिरी आहे; पूर्वी ते पांढुरके असे. बोल्ट या वेळी आळीपाळीने, थोडे थोडे आणि लहान पान्यानेच आवळले आहेत. पाचशे किलोमीटर झाले की एक्झॉस्टचा टॅपेट पुन्हा मोजेन.