डब्लिन: वाचणाऱ्यांनी कसं फिरावं

डब्लिनला पुस्तकांसाठी जायचं ठरवलंत, तर सगळी सकाळ ट्रिनिटी कॉलेजच्या रांगेत घालवून 'झालं डब्लिन' म्हणत परतू नका. तिथलं 'बुक ऑफ केल्स' हे प्राचीन हस्तलिखित बघावंच. पण या शहराची खरी श्रीमंती मला लहान जागांमध्ये सापडली. तिथे आजही कुणीतरी वाचत बसलेलं असतं आणि आपल्यालाही बसायला जागा देतात. त्यातल्या कित्येक ठिकाणी तिकीटही नाही.

मी आणि माझी मैत्रीण पहिल्यांदा मार्श लायब्ररीत गेलो. सुरुवात तिथूनच करा, असं मी कुणालाही सांगेन. सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलच्या शेजारी एक साधं फाटक आहे. पायऱ्या चढून गेलं की आपण १७०७ साली उघडलेल्या वाचनालयात उभे असतो. आर्चबिशप नार्सिसस मार्श यांनी उभं केलेलं हे आयर्लंडमधलं पहिलं सार्वजनिक वाचनालय. दोन्ही बाजूंना काळपट ओकची उंच कपाटं, प्रत्येकाच्या माथ्यावर एक अक्षर आणि बिशपची टोपी कोरलेली. पहिले ग्रंथपाल एलियास बुएरो हे धर्मछळामुळे फ्रान्स सोडून आलेले निर्वासित. त्यांनी आपली पुस्तकंही सोबत आणली होती. त्यांनी आणि मार्श यांनी ज्या पुस्तकाला जो खण नेमून दिला, त्यातली बरीचशी पुस्तकं अजून त्याच खणात आहेत. तीनशे वर्षांत त्यांची जागा कुणी हलवलेली नाही, हे कळल्यावर मी त्या कपाटांपुढून लवकर हललेच नाही.

आतल्या बाजूला तीन पिंजरे आहेत. शब्दशः पिंजरे: लाकडी चौकट, तारेची जाळी, आत बसायची जागा. दुर्मीळ पुस्तक मागितलं की वाचकालाच पुस्तकासकट आत बसवून कुलूप लावायचे. चोऱ्या फार होत होत्या, म्हणून ही सोय. १८६६मध्ये ब्रॅम स्टोकर या वाचनालयात येऊन वाचत असत. त्यांची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी तेव्हा तीस वर्षं दूर होती. ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या १९१६च्या ईस्टर उठावात जवळच्या जेकब्स बिस्किट कारखान्यात बंडखोर ठाण मांडून होते आणि ब्रिटिश मशीनगनच्या गोळ्या या वाचनालयात शिरल्या. गोळी लागलेली पुस्तकं त्यांनी जपून ठेवली आहेत. त्यातलं एक आम्हाला बघायला मिळालं. पुठ्ठ्यावरचं भोक अगदी बारीक, पण आत पानांच्या पानं उसवलेली. तिथल्या कर्मचाऱ्यांशी जरूर बोला. मार्श यांची पुतणी म्हणे प्रियकराबरोबर पळून गेली आणि जाताना एका पुस्तकात चिठ्ठी ठेवून गेली. ती चिठ्ठी शोधत आर्चबिशप अजून रात्री कपाटं चाळतात, अशी दंतकथा आहे. ती त्याच खोलीत उभं राहून ऐकावी. रविवारी आणि सोमवारी वाचनालय बंद असतं, म्हणून बेत आखताना वार आधी बघा.

तिथून डब्लिन कॅसलच्या आवारातलं चेस्टर बीटी हे हस्तलिखितांचं संग्रहालय चालत दहाएक मिनिटांवर आहे. प्रवेश मोफत. आल्फ्रेड चेस्टर बीटी हे अमेरिकेत जन्मलेले खाण उद्योजक. आयुष्यभर त्यांनी हस्तलिखितं जमवली आणि १९५०मध्ये ती घेऊन डब्लिनला आले. १००० सालच्या सुमारास बगदादमध्ये इब्न अल-बव्वाब या सुलेखनकाराने लिहिलेलं कुराण, सेंट पॉलच्या पत्रांचा सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचा पपायरस आणि अकबरनाम्याची पानं, हे सगळं एका छपराखाली आहे. मुघल चित्रांसाठी वेळ राखून ठेवा. एवढ्या जवळून आणि एवढ्या निवांतपणे ती बघायला मिळणं दुर्मीळ. उजेडाने रंग उडू नयेत म्हणून मांडलेली पानं बदलत राहतात. एखादं विशिष्ट पान डोळ्यांसमोर असेल, तर निघण्यापूर्वी ईमेल करून विचारा. हिवाळ्यात सोमवार टाळा.

आता ट्रिनिटी. तिकीट वेळेचं असतं आणि ते ऑनलाइन काढून ठेवावं लागतं. शक्यतो दिवसातली पहिली किंवा शेवटची वेळ घ्या. 'बुक ऑफ केल्स' म्हणजे सुमारे ८०० सालची, वासराच्या चामड्यावर लिहिलेली लॅटिन शुभवर्तमानं. पानं ३४०, म्हणजे ६८० पृष्ठं. त्यातलं एका वेळी जेवढं उघडं असेल तेवढंच दिसतं, आणि फोटो काढता येत नाही. तसं असणंच बरं, कारण नुसतं बघायचं म्हटल्यावर अक्षरांच्या पोटात दडलेली मांजरं आणि उंदीर हळूहळू सापडू लागतात. त्यातला निळा रंग अफगाणिस्तानातल्या लाजवर्द या निळ्या दगडाचा आहे, असं अजूनही सांगितलं जातं. तपासणीत मात्र तो वनस्पतीपासून केलेल्या निळीचा निघाला.

त्याच तिकिटावर लाँग रूम बघता येते. हे ६५ मीटर लांबीचं दालन १७१२ ते १७३२च्या दरम्यान बांधलं. १८०१पासून देशात छापलेल्या पुस्तकांच्या प्रती इथे हक्काने येऊ लागल्या, जागा पुरेना, तेव्हा १८६०च्या सुमारास सपाट छत काढून आजचं उंच कमानदार छत घातलं. पण फोटोत दिसते तशी भरलेली खोली आता दिसणार नाही. २०१९च्या नोत्र दामच्या आगीनंतर इथल्या सुरक्षिततेचा विचार नव्याने झाला आणि २०२२पासून सुमारे दोन लाख पुस्तकं एकेक करून साफ करून, खूण लावून दुसरीकडे हलवायला सुरुवात झाली. दुरुस्तीसाठी दालनच बंद व्हायचं आहे, म्हणून तारखा ठरवण्यापूर्वी स्थिती तपासा. मला रिकामे खणही आवडले. एरवी पुस्तकांमागे लपलेली लाकडाची घडण आणि उंचीप्रमाणे लहान होत जाणारे खण आता नीट दिसतात. भिंतींलगतच्या चाळीस अर्धपुतळ्यांमध्ये शतकानुशतकं एकही बाई नव्हती. २०२३मध्ये एडा लव्हलेस, लेडी ग्रेगरी, मेरी वुलस्टनक्राफ्ट आणि रोझलिंड फ्रँकलिन यांचे पुतळे बसले. ते शोधून काढा.

ट्रिनिटीच्या मागच्या बाजूने बाहेर पडलं की लिंकन प्लेसवर स्वेनीज हे जुनं औषधांचं दुकान लागतं. जेम्स जॉइसच्या 'यूलिसिस'चा नायक लिओपोल्ड ब्लूम १६ जून १९०४ रोजी इथे लिंबाच्या वासाचा साबण घेतो. औषधांचा धंदा कधीच बंद पडला. आता स्वयंसेवक दुकान चालवतात, साबण विकतात आणि जॉइसचं सामूहिक वाचन घेतात. पुस्तकाच्या प्रती हातात देतात, मंडळी दाटीवाटीने बसतात आणि आळीपाळीने एकेक पान मोठ्याने वाचतात. पाहुण्यांनाही वाचायला सांगतात. उच्चारांची धास्ती वाटत असेल तर सोडून द्या, कुणी हसत नाही. ज्या कादंबरीपुढे मी घरी वर्षानुवर्षं अडखळले, तिच्यातले विनोद मला तिथे पहिल्यांदा ऐकू आले. संपूर्ण प्रवासात एकाच गोष्टीला वेळ असेल, तर ती ही निवडा. वाचनाचे वार बदलतात, म्हणून आधी चौकशी करा.

किल्डेअर स्ट्रीटवरचं राष्ट्रीय ग्रंथालय तिथून जवळच. घुमटाखालच्या वाचनकक्षात बसायचं असेल तर ओळखपत्र दाखवून वाचकपत्र काढा, ते मोफत मिळतं. 'यूलिसिस'मधलं शेक्सपिअरवरचं वादविवादाचं प्रकरण याच इमारतीत घडतं. सेंट स्टीफन्स ग्रीनवरचं मोली हे साहित्य संग्रहालय २०१९चं. 'यूलिसिस'ची पहिल्या क्रमांकाची प्रत तिथे आहे. जुन्या मार्गदर्शिकांमध्ये पार्नेल स्क्वेअरचं रायटर्स म्युझियम अजून दिसतं, पण ते बंद झालं आहे. तिकडे पायपीट करू नका.

एवढं लेखकप्रेम बघताना एक इतिहास विसरू नये. नदीवरच्या पुलांना आज जॉइस, बेकेट, ओ'केसी यांची नावं आहेत. पण १९२९च्या सेन्सॉरशिप कायद्याखाली याच देशाने आपल्या लेखकांच्या पुस्तकांवर बंदी घातली. केट ओ'ब्रायन यांची 'द लँड ऑफ स्पायसेस' १९४१मध्ये एका वाक्यापायी बंद झाली. एडना ओ'ब्रायन यांची पहिली कादंबरी १९६०मध्ये. पुस्तकांच्या दुकानात शिरलात की या दोघींची पुस्तकं मागा. डॉसन स्ट्रीटवरचं हॉजेस फिगिस १७६८पासूनचं आहे, आयरिश लेखनाचा विभाग तिथे भरभक्कम मिळेल. आयर्लंडमध्ये छापील पुस्तकांवर व्हॅट नाही, पण परतीच्या विमानाची वजनमर्यादा आहे, तेव्हा मोह आवरा. ॲबी थिएटरवरून जाताना हेही आठवा की १९१३मध्ये या नाट्यसंस्थेने रवींद्रनाथांचं 'डाकघर' इंग्रजीत रंगमंचावर आणलं होतं.

शेवटचा अर्धा दिवस सँडीकोव्हसाठी ठेवा. डार्ट लोकलने समुद्राच्या कडेकडेने जाता येतं. स्टेशनवरून थोडं चाललं की नेपोलियनच्या भीतीने बांधलेला मार्टेलो मनोरा दिसतो. जॉइस १९०४च्या सप्टेंबरात इथे जेमतेम सहा रात्री राहिला. मध्यरात्री खोलीत गोळीबार झाला आणि तो बाहेर पडला. पुढे 'यूलिसिस'ची कथा याच मनोऱ्यातून सुरू झाली. १९६२मध्ये मनोऱ्याचं संग्रहालय झालं, तेव्हा उद्घाटनाला 'यूलिसिस'च्या प्रकाशक सिल्व्हिया बीच स्वतः आल्या होत्या. प्रवेश मोफत आणि व्यवस्था स्वयंसेवकांकडे. आतला गोल जिना फार अरुंद आहे, गुडघे दुखत असतील तर खालची दालनंच बघा.

कधी जावं? १६ जूनला, ब्लूम्सडेला, लोक जुन्या काळच्या टोप्या घालून रस्त्यांवर वाचन करतात. मजा असते, पण राहण्याची सोय महिनोन्महिने आधी करावी लागते. गर्दी नको असेल तर एप्रिल बघा. दरवर्षी एक पुस्तक निवडून अख्ख्या शहराने ते वाचायचा उपक्रम त्या महिन्यात चालतो. निवडलेलं पुस्तक आधी मिळवून वाचून गेलात, तर बोलायला विषय आयताच मिळेल. बस, ट्राम आणि डार्ट तिन्हींसाठी लीप कार्ड घ्या. विमानतळावरून रेल्वे नाही, बसच धरावी लागते. आणि भारतीय पासपोर्ट असेल तर लक्षात ठेवा, आयर्लंड शेंगेनमध्ये येत नाही. पॅरिस-रोमच्या व्हिसावर इथे उतरता येत नाही, वेगळा अर्ज करावा लागतो, आणि तो विमानाचं तिकीट काढण्याआधी करणंच शहाणपणाचं.