चौथ्या रकान्यात काय लिहायचं?

परदेशी पाहुण्या संशोधकाला अमेरिकेत जे-१ या शैक्षणिक देवाणघेवाणीच्या व्हिसावर बोलवायचं, तर विद्यापीठाला डीएस-२०१९ नावाचा फॉर्म काढावा लागतो. तिसऱ्या रकान्यात तारखा, चौथ्यात प्रवर्ग, पाचव्यात पैसे कुठून येणार ते. १९६१ च्या एका कायद्याखाली चाललेल्या या देवाणघेवाणीत विद्यापीठ हे 'स्पॉन्सर', म्हणजे परराष्ट्र खात्याला जबाबदार. बोलावणारा प्राध्यापक कागदावर फारसा कुठे दिसत नाही. पण चौथ्या रकान्यात काय जाणार हे बहुतेक वेळा त्याच्याच एका खुणेवर ठरतं.

मी मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठात वनस्पती रोगशास्त्र शिकवतो. २०१८ मध्ये विदर्भातले एक प्राध्यापक माझ्या प्रयोगशाळेत ५ महिन्यांसाठी आले. येणारे संशोधक, करणार संशोधन, म्हणून मागणीपत्रात मी 'रिसर्च स्कॉलर'वर खूण केली. नियमात बसत होतं, त्यामुळे कुणी हरकत घेतली नाही. काम उत्तम झालं आणि अर्धं राहिलं. पुढच्या वर्षी पूर्ण वर्षभरासाठी परत यायचं, असं ठरवूनच आम्ही विमानतळावर निरोप घेतला. पैशांचीही सोय झाली होती.

नवी मागणी केली तेव्हा कळलं, की रिसर्च स्कॉलरचा कार्यक्रम एकदा संपला की पुढचे २४ महिने त्या प्रवर्गात किंवा प्रोफेसर प्रवर्गात परत येता येत नाही. पाच वर्षांची मुदत मिळू शकते, पण तुम्ही पाच महिन्यांत परत गेलात तर उरलेली मुदत गेली. पहिल्या खेपेला 'शॉर्ट-टर्म स्कॉलर' लिहिलं असतं तर? त्याला ६ महिन्यांची मर्यादा आहे, मुदत वाढत नाही, पण ही बंदीही लागत नाही. दुसऱ्या खेपेला ते वर्षभरासाठी आरामात आले असते. २४ महिने संपले ते २०२० च्या मध्यात, आणि तेव्हा सगळं जगच बंद होतं. ते सर परत आले नाहीत. आता निवृत्त झालेत. त्या खुणेसाठी मी विचार केला होता फार तर अर्धा मिनिट.

त्यामुळे २०२४ च्या शेवटी सोलापूर भागातल्या एका सहायक प्राध्यापिकेचं पत्र आलं, तेव्हा मी फॉर्म उघडलाच नाही. आधी फोन लावला. डाळिंबावरच्या तेल्या रोगावर त्यांची पीएचडी. माझं काम राजम्यावरच्या जिवाणूजन्य करप्यावर. दोन्हींच्या मुळाशी झॅन्थोमोनास गटातलेच जिवाणू, म्हणून त्यांना इथली तंत्रं शिकायची होती. मी विचारलं, "मॅडम, पुढच्या तीन वर्षांत तुम्हाला किती वेळा रजा मिळेल?" त्या हसल्या. "सर, एकदा मिळाली तरी देव पावला." मग विषयच संपला. दोनदा थोडं थोडं येण्यापेक्षा एकदाच सलग १० महिने यायचं. रिसर्च स्कॉलर. २४ महिन्यांची बंदी त्यांना समजावून सांगितली, लेखी पाठवली, आणि त्यांनी विचार करून हो म्हटलं. खूण तीच, पण या वेळी ती त्यांनी केली होती.

त्या बोलण्यातून आणखी एक गोष्ट निघाली, जी एरवी माझ्या ध्यानातही आली नसती. त्यांचे यजमान अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतात आणि त्यांनाही कधीतरी संशोधनासाठी यायचं आहे. रिसर्च स्कॉलरचा जोडीदार जे-२ वर, म्हणजे कुटुंबीयांच्या व्हिसावर, आला तर २४ महिन्यांची बंदी त्यालाही चिकटते. म्हणून ठरलं, की ७ वर्षांची मुलगी आईबरोबर जे-२ वर येईल आणि बाबा सुट्टीत पर्यटक व्हिसावर भेटून जातील.

पाचव्या रकान्याचंही असंच. त्यांना केंद्र सरकारची फेलोशिप होती. देवाणघेवाणीसाठी सरकारी पैसा लागला की 'दोन वर्षं मायदेशी' हा नियम लागू होतो. परत जाऊन एकूण २ वर्षं राहिल्याशिवाय, किंवा सूट मिळवल्याशिवाय, एच-१बी हा नोकरीचा व्हिसा नाही की ग्रीन कार्ड नाही. पूर्वी विशिष्ट विषयांच्या यादीमुळेही कितीतरी भारतीयांना हा नियम लागायचा. ९ डिसेंबर २०२४ ला यादी बदलली आणि भारत तिच्यातून बाहेर आला. ही बातमी वाचून मॅडमना वाटलं, आता आपण मोकळे. तसं नव्हतं. यादीचं कारण गेलं तरी सरकारी पैशाचं कारण राहतंच. त्यांना परतच जायचं होतं, घर, नोकरी, सासू-सासरे सगळं तिकडे. पण व्हिसावरचा शेरा वाचून पहिल्यांदा कळणं आणि आधीपासून माहीत असणं, यात माणसाच्या मनाला फार फरक पडतो.

मग कागद. इथे आपल्याकडची खास अडचण आली. पीएचडी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या नावाने, आणि पासपोर्टात स्वतःच्या नावापुढे नवऱ्याचं नाव. डीएस-२०१९ वरचं नाव पासपोर्टाशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. आमच्या आंतरराष्ट्रीय कक्षातल्या अधिकारी बाईंना पदवी आणि पासपोर्ट दोन वेगळ्या बायकांचे वाटले, यात त्यांचा दोष नाही. विवाह नोंदणीचा दाखला आणि नावबदलाची राजपत्रातली नोंद पाठवली, सोबत मी आपल्याकडे नावं कशी बदलतात याचं एक पानी टिपण जोडलं. ते टिपण कक्षाने ठेवून घेतलं आहे.

इंग्रजी पुरेसं आहे याची खात्री स्पॉन्सरला करावी लागते. मान्य परीक्षेचे गुण, शिक्षणसंस्थेचं सहीचं पत्र किंवा मुलाखत. आम्ही व्हिडिओवर मुलाखत ठरवली. मॅडम लिहितात सुरेख, पण बोलताना अडखळायच्या. मी महिनाभर दर शनिवारी त्यांच्याशी फक्त इंग्रजीत बोललो. दोघांनाही अवघडल्यासारखं व्हायचं, कारण मराठी ओठांवर असायची. प्रत्यक्ष मुलाखतीत मी नव्हतो, नसायलाच हवं. अधिकारी बाईंनी नंतर सांगितलं, की दहा मिनिटं सगळं जेमतेम चाललं होतं. मग त्यांनी सहज विचारलं, या रोगाचं स्थानिक नाव काय? आणि मॅडम सुटल्याच. पानावर नि फळावर पडणारा डाग तेलाचा थेंब सांडल्यासारखा दिसतो, म्हणून शेतकरी त्याला तेल्या म्हणतात. पावसाळी हवेत बागाच्या बागा कशा जातात. लोक झाडं कशी उपटून टाकतात. पुढची वीस मिनिटं त्याच बोलत होत्या.

विम्यावर मात्र आमची खरी ओढाताण झाली. त्यांनी ओळखीच्या एजंटाकडून प्रवास विमा घेऊनही टाकला होता. नियम असे: प्रत्येक आजार किंवा अपघाताला किमान १,००,००० डॉलर, आजारी माणसाला मायदेशी हलवायला ५०,०००, मृत्यू झाल्यास पार्थिव नेण्यासाठी २५,०००, आणि स्वतःच्या खिशातून आधी भरायची रक्कम ५०० डॉलरपेक्षा जास्त नको. त्यांच्या पॉलिसीत शेवटचीच गोष्ट बसत नव्हती. पैसे गेले म्हणून त्या नाराज होत्या, आणि पार्थिवाचा उल्लेख वाचून घरच्यांनी तर विषयच बंद केला. मी त्यांच्या सासऱ्यांशी बोललो. सांगितलं, की मुद्दाम विमा न ठेवणाऱ्याचा कार्यक्रम विद्यापीठाला बंद करावाच लागतो, आणि नातीलाही हाच विमा लागणार आहे. नातीचं नाव काढल्यावर ते म्हणाले, "मग चांगल्यातला घ्या."

मुलीच्या लसींचंही वेळेत सुचलं म्हणून बरं. आपल्या सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेला आहे, पण गालगुंड नाही, कांजिण्याही नाहीत. इथल्या शाळेला दोन्ही लागतात. कांजिण्यांच्या दोन डोसांमध्ये लहान मुलांना ३ महिन्यांचं अंतर ठेवावं लागतं. ऐनवेळी कळलं असतं तर पोर घरी बसली असती. मार्चमध्ये पहिला डोस सोलापुरातच खासगी डॉक्टरांकडे दिला.

कार्यक्रम १ जुलै २०२५ ला सुरू होणार होता. सेव्हिसची, म्हणजे परदेशी विद्यार्थी-संशोधकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संगणक प्रणालीची, २२० डॉलर फी भरली, व्हिसाची दोघींची प्रत्येकी १८५ भरली. आणि मेच्या शेवटी अमेरिकेने विद्यार्थी आणि देवाणघेवाण व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या वेळा देणंच थांबवलं. ते तीन आठवडे मला अजून आठवतात. घर सोडायची तयारी, रजा मंजूर, मुलीचा शाळेचा दाखला काढायचा की नाही हा प्रश्न, आणि माझ्याकडे सांगायला काही नाही. मी रोज एक ओळ पाठवायचो: 'आज काही नवीन नाही.' गप्प राहण्यापेक्षा ते बरं, असं मला वाटत होतं. १८ जूनला वेळा परत सुरू करायचं जाहीर झालं, पण समाजमाध्यमांवरची खाती सर्वांना दिसतील अशी ठेवण्याच्या अटीसह. मॅडमचं खातं म्हणजे डाळिंबं, मुलीचे वाढदिवस आणि एकादशीच्या शुभेच्छा. तरी नातेवाइकांचे फोटो असे उघडे ठेवणं त्यांना जड गेलं, आणि मलाही त्यांना तसं करायला सांगणं जड गेलं.

आम्ही तारीख पुढे ढकलून २० ऑगस्ट केली. स्पॉन्सरला सेव्हिसमध्ये ती बदलता येते, नवा फॉर्म पीडीएफने जातो. मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीत जुलैअखेर मुलाखत झाली. काय करणार, पैसे कोण देणार, परत गेल्यावर काय करणार. तीनच प्रश्न. तिन्ही उत्तरं त्यांची स्वतःची होती. मी कधीच कुणाला उत्तरं पाठ करायला देत नाही. कागदावर खरं लिहिलेलं असेल तर पाठ करण्यासारखं काही उरत नाही.

सामानाच्या यादीवर मी जरा कडक होतो, धंदाच तो आहे. माती नाही, पान नाही, पेट्री डिश नाही. रोगजंतू आणायला इथल्या कृषी खात्याचा परवाना लागतो, आणि तिकडून जैविक नमुना बाहेर न्यायलाही आपल्या जैवविविधता कायद्याखाली परवानगी लागते. त्यांनी आणायचा तो फक्त जनुकीय माहितीचा साठा, लॅपटॉपवर. शेंगाचटणी चालेल. ताजा कढीपत्ता अजिबात नाही, कारण लिंबूवर्गीय बागा संपवणाऱ्या रोगाची वाहक कीड त्याच्यावर वाढते. "सर, चार पानंसुद्धा नाही?" चार पानंसुद्धा नाही.

त्या १४ ऑगस्टला पोचल्या. कार्यक्रम सुरू झाल्यापासून ३० दिवसांत विद्यापीठाने सेव्हिसमध्ये आगमनाची नोंद पक्की करायची असते. मी दुसऱ्याच दिवशी त्यांना कक्षात घेऊन गेलो, पासपोर्ट, आय-९४ हा देशात प्रवेश केल्याच्या नोंदीचा कागद आणि राहण्याचा पत्ता घेऊन. पत्ता बदलला तर १० दिवसांत कळवायचा, आणि उत्पन्न नसलं तरी पुढच्या १५ जूनपर्यंत ८८४३ हा कराचा फॉर्म मायलेकी दोघींचा भरायचा, हे त्यांच्या वहीत लिहून दिलं. मुलीची शाळा सोमवारी सुरू झाली.

पेरणीचा हंगाम हुकला होता, तेव्हा कामाची सुरुवात हरितगृहातच केली. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही राजम्याच्या रोपांना जिवाणू टोचले. आठ दिवसांनी मी वर्गावर असताना त्यांचा फोन आला, म्हणून तास संपवून तसाच गेलो. त्या एक पान उजेडासमोर उलटं धरून उभ्या होत्या. खालच्या बाजूला बारीक, ओलसर, आरपार दिसणारे डाग.

"सर," त्या म्हणाल्या, "हा तर आपला तेल्याच."