प्रकल्प ११५, नोंद ७ : पहिलं चाक हवेत

काल रात्री साडेअकराला टी-५५ रणगाड्याच्या १/३५ मॉडेलचा हल, म्हणजे चाकांवरचं धड, काचेवर ठेवला आणि डावीकडचं पहिलं चाक टेकेना. खाली पोस्टकार्ड सरकवलं, गेलं. दोन एकत्र सरकवली, तीही गेली. त्याच्या मागच्या चाकाखाली एक जातं. बाकीची आठ चाकं घट्ट बसलेली. दोन पोस्टकार्डं म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर. पस्तिसाने गुणलं की खऱ्या रणगाड्यात साडेसतरा. चिखल थापून हे लपवता येईल, सगळ्यांना माहीत आहे. पण इथे चाक वाकडं नाही, हल पिळला गेलाय. तो का पिळला गेला हे कळल्यापासून अख्खा प्रकल्प मला नव्याने मांडावा लागतोय, म्हणून ही नोंद लांबणार.

सहाव्या नोंदीत टी-५५ च्या हलवर टी-६२ चं टरेट (वरचा फिरता, तोफ असलेला भाग) बसवून दाखवलं होतं. आपली कल्पना सगळ्यांना ठाऊक आहेच: साल १९६३, टागिलने (निझ्नी टागिलच्या सोव्हिएत रणगाडा कारखान्याने) नवा हल न बनवता जुन्या टी-५४/५५ वरच टी-६२ ची ११५ मिमी यू-५टीएस तोफ चढवली असती तर? जुने हल हजारोंनी पडून होते, तोफ तयार होती. दिसायलाही जोडी छान जमली होती. तेव्हा आपल्यातल्या एकाने एकच प्रश्न विचारला होता: "टरेटच्या खाली रिंग किती मापाची धरली आहे?"

रिंग, म्हणजे टरेट ज्यावर फिरतं ते हलच्या छतातलं गोल, किटचीच होती. किटवाले टरेटच्या बुडाला स्वतःच्या सोयीचं गोल देतात, मी त्याला कॉलर लावून हलच्या भोकात बसवलं होतं. पण हॅच उघडे ठेवायचे आणि आतलं दाखवायचं असं पहिल्याच नोंदीत कबूल केलंय, तेव्हा रिंगही खऱ्या मापाची हवी. मग बसलो हिशोबाला.

टी-५५ ची रिंग १८२५ मिमी, टी-६२ ची २२४५. आपल्या स्केलमध्ये ५२.१ आणि ६४.१. आता टी-५५ च्या दोन ट्रॅकच्या (चाकांभोवतीच्या साखळी-पट्ट्यांच्या) मध्यरेषांमधलं अंतर २६४० आणि एका ट्रॅकची रुंदी ५८०. वजा केलं की ट्रॅकच्या आतल्या कडांमध्ये उरतात २०६० मिमी, म्हणजे ५८.९. आपली रिंग ६४.१! हल ज्या जागेत मावतो त्या जागेपेक्षाच रिंग मोठी. दोन्ही बाजूंना ती अडीच मिलिमीटरपेक्षा जास्त ट्रॅकच्या वर लोंबणार. पुढे-मागेही तेच. त्रिज्या २१० मिमीने वाढली, म्हणजे मॉडेलवर पुढे सहा आणि मागे सहा. पुढचे सहा ड्रायव्हरच्या हॅचवर येतात, मागचे सहा इंजिन डेकमध्ये घुसतात.

तरी मी कापलं. छत कापलं, बाजूच्या भिंतींचा वरचा काठ चंद्रकोरीसारखा कापला, बाहेरून स्टायरिनचे (मॉडेलच्या प्लास्टिकचे) फुगवटे लावले. फुगवटे छान झाले होते. ०.५ ची शीट गरम पाण्यात धरून औषधाच्या बाटलीभोवती गुंडाळली, तिने वळण बरोबर धरलं. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी हल उचलला तेव्हा हातालाच कळलं की तो आता सैल झालाय. ओल्या पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा.

छताची पाटी हे त्या डब्याचं झाकण. झाकण असेतो डबा पिळला जात नाही. मी झाकणात एवढं भोक पाडलं की बाजूच्या भिंतीही तुटल्या, मग पीळ धरून ठेवायला उरलं काय? आतून पितळी अँगल लावले. हल कोमट पाण्यात बुडवून काचेवर क्लॅम्प केला, रात्रभर वजन ठेवलं. सकाळी सरळ, संध्याकाळी पुन्हा तेच. तीन वेळा केलं. चौथ्या वेळी सोडून दिलं.

खऱ्या रणगाड्यात हेच ऐंशी मिलिमीटर पोलादात घडलं असतं. टरेट गोळ्यांच्या बेअरिंगवर फिरतं आणि बेअरिंगला गोल रिंग लागते. हल पिळला तर रिंग अंडाकृती होणार आणि टरेट अडकणार. टागिलचा मुख्य डिझायनर कार्त्सेव, त्याच्या माणसांनी १९६१ च्या टी-६२ साठी हल लांब केला, चाकांमधली अंतरं बदलली. टी-५५ मध्ये मोठी फट पहिल्या आणि दुसऱ्या चाकात असते, टी-६२ मध्ये मागच्या तीन चाकांमध्ये. ही फट म्हणजे ओळखायची खूण, एवढंच मी इतकी वर्षं समजत होतो. स्वतः हल कापून बसल्यावर कळलं की रिंग वाढली की सगळंच सरकतं: इंजिन मागे, वजनाचा मध्य वेगळीकडे, चाकं त्याच्या मागोमाग.

म्हणून माझं आता ठाम मत झालंय की सोव्हिएत रणगाड्याचा वॉट-इफ करताना तोफेपासून नाही, रिंगपासून सुरुवात करावी. टी-३४ ला ८५ मिमी मिळाली ती रिंग १४२० वरून १६०० झाली म्हणून. टी-५५ ला मात्र ऐंशीच्या दशकातही सोव्हिएत सैन्याने १०० मिमीच ठेवली. त्या बॅरलमधून डागायचं बास्तिऑन क्षेपणास्त्र दिलं, व्होल्ना फायर कंट्रोल (नेम धरायची यंत्रणा) दिलं, टरेटच्या कपाळावर चिलखताच्या त्या 'इल्यिचच्या भुवया' चढवल्या, पण रिंगला हात लावला नाही.

मधे एक पर्याय दोन दिवस डोक्यात होता, तोही सांगतो. रिंग छतात न कापता वर पाच मिमीचं कडं उभं करायचं आणि मोठं टरेट त्यावर बसवायचं. पाच म्हणजे खऱ्यात १७५ मिमी. वाटलं होतं, उंची वाढली तर बॅरल जास्त खाली झुकेल, टी-५५ चे ते उणे पाच अंश तरी सुधारतील. नाही सुधारत. तोफ खाली झुकते तेव्हा ब्रीच (तोफेचं मागचं टोक) वर जाते आणि टरेटच्या बुटक्या छताला आपटते. अडथळा तिथे आहे, हलमध्ये नाही. शिवाय ड्रायव्हरचा हॅच झाकलेलाच राहिला असता. तो विषय तिथेच सोडला.

थोडं इतर कामाचं. टी-६२ च्या टरेटवरचं ओतकामाचं टेक्श्चर मनासारखं आलंय. पातळ केलेली पुट्टी जुन्या टूथब्रशने ठोकायची, अर्धी सुकली की थिनरच्या ब्रशने एकदाच फिरवायचं, मग ६०० चा पेपर अगदी हलका. यावेळी थिनरच्या आधी वीस मिनिटं थांबलो आणि सगळा फरक तिथे पडला. उजेड तिरपा पडला की ओतीव पोलादाचा तो खडबडीतपणा दिसतो, सुरकुत्या दिसत नाहीत. बॅरलसाठी रेझिनच्या नादाला लागू नका. मी मागवलेली केळ्यासारखी वाकडी आली, विक्रेत्याने फोटो मागितले आणि नंतर उत्तर देणं बंद केलं. लेथवर कातलेली ॲल्युमिनियमची बॅरल महाग पडते, पण सरळ असते. फट भरायला सुपरग्लू आणि बेबी पावडर अजून हरलेली नाही. आणि पावसाळ्यात लॅकर मारू नका, हवेतल्या ओलीने पांढरट पडतो. मी ४बीओ हिरवा (सोव्हिएत रणगाड्यांचा रंग) ऑक्टोबरपर्यंत उघडणार नाही.

आता मुख्य गोष्ट. रविवारी भाच्याला घेऊन आमच्याकडच्या चौकातल्या टी-५५ वर गेलो. चौथऱ्यावरचा, दर पंधरा ऑगस्टला रंगवतात तो. ट्रॅकमधलं अंतर स्वतः मोजायचं होतं. रखवालदारांना सांगितलं तर ते म्हणाले, "मोजा की, फक्त वर चढू नका." भाच्याने टेपचं एक टोक धरलं, मी दुसरं. रंगाचे थर धरून २०५ सेंटिमीटरच्या जरा पुढे. हिशोब बरोबर होता. उठताना बॅरलकडे नजर गेली. धूर ओढून घेणारा फुगीर भाग बॅरलच्या मध्यावर होता! १०० मिमी डी-१० टी२एस ला तो तोंडाशी असतो. म्हणजे ही आपल्या सैन्याने १०५ मिमी एल-७ बसवलेली गाडी. इतकी वर्षं तिच्यासमोरून जातोय आणि कधी नीट पाहिलंच नव्हतं. खाली वाकून टरेट आणि हलमधली फट पाहिली. तीच रिंग. तोच हल, तीच चाकं, पहिल्या-दुसऱ्यातली तीच फट.

घरी येईपर्यंत डोक्यात एकच. रिंग तशीच ठेवून तोफ बदलता येते, मग ११५ साठी आतलं काय काढावं लागेल? टी-५५ च्या टरेटमध्ये तिघं. डावीकडे गनर, त्याच्या मागे कमांडर, उजवीकडे लोडर. ११५ चा अखंड लांब गोळा घेऊन लोडरला १८२५ च्या रिंगमध्ये वळता येणार नाही. मग लोडरच काढायचा, आणि ऑटोलोडर (गोळा आपोआप भरणारं यंत्र) बसलमध्ये, म्हणजे टरेटच्या मागच्या पेटीत.

हे हवेतलं नाही. खार्किव्हच्या टी-५५एजीएम मध्ये पुढे असंच केलं, बसलमधला ऑटोलोडर आणि १२५ ची तोफ. आणि साठच्या दशकातही कल्पना नवी नव्हती. १९६२ मध्ये आपण एएन-१२ विमानांतून चुशूलला उतरवलेल्या फ्रेंच एएमएक्स-१३ मध्ये बसलमधलीच मॅगझिनं होती, आणि गाडीत तीनच माणसं.

तोफही बदलते. यू-५टीएस चा गोळा अखंड, ऑटोलोडरला अवघड. पण टी-६४ ची पहिली ११५ मिमी तोफ, डी-६८, दोन तुकड्यांचा दारूगोळा वापरायची आणि ऑटोलोडरसाठीच बनलेली होती. अडचण एवढीच की १९६३ मध्ये खार्किव्हच्या ब्युरोचा प्रमुख मोरोझोव्ह याने ती टागिलला दिली नसती, दोन्ही ब्युरोंमध्ये चुरस होती. हे लिहितालिहिताच सुचतंय: साल बदलूया. १९६८ मध्ये टी-६४ए सैन्यात आली आणि खार्किव्ह १२५ वर गेलं. म्हणजे डी-६८ मोकळी झाली! कार्त्सेव १९६९ पर्यंत टागिलला होता. १९६८, टागिल, जुने टी-५५ चे हल आणि खार्किव्हला नको झालेली ११५. १९६३ पेक्षा ही गोष्ट मला कितीतरी जास्त पटते. प्रकल्पाचं नाव तेच राहील, साल आजपासून १९६८.

कामाच्या बाजूने आता असं आहे. नवा हल लागणार, तो माझ्याकडे आहे (दिवाळीत घेतलेला, अजून सीलबंद). त्याच्या छताला ब्लेड लागणार नाही. टरेट टी-५५ चंच, मागचा भाग कापून बसल. खरा प्रश्न रिकॉइलचा, म्हणजे डागल्यावर तोफ मागे येते त्याचा. ब्रीच मागे येते तेव्हा रिंगच्या मागच्या काठाशी आणि बसलच्या तोंडाशी जागा कमी पडते. म्हणून ट्रनियन (तोफ ज्यावर वर-खाली झुलते तो आस) आठ मिमी पुढे सरकवतोय, खऱ्यात २८० मिमी. त्याने टरेटचं नाक जड होईल. उतारावर गाडी तिरकी असताना असं नाक-जड टरेट फिरवताना मोटरचा दम निघतो. पण बसलमध्ये दारूगोळा भरला की मागे वजन येतं आणि तोल सावरतो. दोन ओळींत नऊ-नऊ असे अठरा गोळे बसवायचा विचार आहे. ११५ भागिले ३५ म्हणजे ३.२९, तर ३.२ चा स्टायरिन रॉड चालून जाईल. बसल रिकामा होत गेला की तोल पुन्हा पुढे जाणार, त्यावर अजून उत्तर नाही. भरायच्या वेळी तोफ एका ठरावीक कोनात थांबली पाहिजे, पण टी-६२ मध्ये रिकामं काडतूस मागच्या झरोक्यातून फेकताना तोफ तशीच ठरावीक कोनात जाते आणि टरेटचं फिरणं थांबतं. ती सवय टागिलला होतीच.

पिळलेला हल टाकणार नाही. आधी टाकणारच होतो, पण एसयू-१२२-५४ आठवली: टी-५४ चा हल, टरेट नाही, जाड केसमेट (न फिरणारी चिलखती खोली) आणि १२२ ची डी-४९. माझ्या हलला झाकण नाही हीच तर अडचण आहे. केसमेटच्या भिंती दीड मिमी शीटच्या केल्या आणि काचेवर क्लॅम्प असतानाच चिकटवल्या तर डबा पुन्हा बंद होईल आणि पीळ निघेल असं वाटतंय. त्यात उरलेली यू-५टीएस. टरेट नाही, म्हणजे रिंगही नाही. लोडरला पूर्ण रुंदी मिळते. हे आज रात्रीच करून पाहतो, बसल आठवडाभर थांबेल.

कोणाकडे सुरुवातीच्या टी-६४ च्या बॅरलचे बाजूने घेतलेले नीट फोटो असतील तर पाठवा. तोंडापासून फुगीर भागापर्यंतचं अंतर हवंय. टी-६४ए चे नकोत, ते माझ्याकडे ढीगभर आहेत. आणि टी-५५ च्या टरेटच्या मागच्या बाजूचे, वरून घेतलेले, हॅच उघडे असतील तर फारच बरं. चौकातल्या गाडीचे हॅच वेल्डिंग करून बंद केलेत.