मतदानापूर्वी थांबण्याची सवय

कॅलिफोर्नियातील एका रिजनल सेंटरच्या, म्हणजे विकासात्मक अपंगत्व (स्वमग्नता, बौद्धिक अपंगत्व इत्यादी) असलेल्या व्यक्तींना सेवा मिळवून देणाऱ्या संस्थेच्या, संचालक मंडळावर मी सहा वर्षांपूर्वी आले आणि गेली दोन वर्षे अध्यक्षपद सांभाळते आहे. हे काम विनावेतन आहे. माझा मुलगा स्वमग्न असून तो आता १९ वर्षांचा आहे, आणि तो लहान असल्यापासून त्याला याच व्यवस्थेतून सेवा मिळत आल्या आहेत. सेवा घेणारी अनेक मराठी कुटुंबे मला ठाऊक आहेत. परंतु मंडळाच्या सभांना त्यांपैकी कोणी आलेले मी अद्याप पाहिलेले नाही. त्या सभांमध्ये नेमके काय चालते, हे त्यांना कळावे म्हणून हे लिहीत आहे.

ही व्यवस्था पालकांच्या आग्रहातून उभी राहिली. साठच्या दशकापर्यंत अशा मुलांच्या आईवडिलांसमोर दोनच मार्ग असत: मुलाला कोणत्याही मदतीविना घरी सांभाळायचे, किंवा सरकारी संस्थेत कायमचे ठेवायचे. १९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिस येथे प्रायोगिक स्वरूपात दोन केंद्रे सुरू झाली, आणि १९६९ मध्ये आमदार फ्रँक लँटरमन यांच्या प्रयत्नांतून झालेल्या कायद्याने ती कल्पना राज्यभर नेली. आज अशी २१ केंद्रे आहेत. ती सरकारी कार्यालये नाहीत. राज्याच्या विकासात्मक सेवा विभागाशी करार करून सार्वजनिक निधीतून चालणाऱ्या त्या खासगी, ना-नफा संस्था आहेत, आणि म्हणूनच प्रत्येकीला स्वतःचे संचालक मंडळ आहे. मंडळ कोणत्याही एका व्यक्तीच्या सेवांविषयी निर्णय घेत नाही. कार्यकारी संचालकांची नेमणूक व त्यांच्या कामाचे मूल्यमापन, अंदाजपत्रक, धोरणे, आणि अडीच लाख डॉलर किंवा त्याहून मोठ्या करारांना मंजुरी, ही त्याची मुख्य कामे आहेत.

कायद्याने मंडळाची रचनाही ठरवून दिलेली आहे. किमान निम्मे सदस्य विकासात्मक अपंगत्व असलेल्या व्यक्ती, त्यांचे आईवडील किंवा कायदेशीर पालक असले पाहिजेत, आणि एकूण सदस्यांपैकी किमान एक चतुर्थांश सदस्य स्वतः असे अपंगत्व असलेले असले पाहिजेत. या दुसऱ्या अटीचा अर्थ मला फार उशिरा समजला.

अध्यक्ष झाल्यानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या सभेत एक मोठा ठराव एकमताने संमत झाला. बौद्धिक अपंगत्व असलेल्या आमच्या एका सदस्येनेही हात वर केला होता. सभा संपल्यावर ती माझ्याजवळ आली आणि तिने शांतपणे विचारले, "आपण आत्ता कशाला हो म्हटलं?" तिच्या स्वरात तक्रार नव्हती, इतरांचे हात वर गेले की आपणही वर करायचा असतो, असे ती गेली काही वर्षे पाहत आली होती. गणसंख्या पूर्ण होती, इतिवृत्तात तिचे मत नोंदले गेले होते, आणि कायद्याने मागितलेले प्रमाणही आमच्या मंडळाने पाळलेले होते. तरीही त्या ठरावावर तिचे मत घेतले गेले, असे मी प्रामाणिकपणे म्हणू शकत नव्हते, आणि सभा चालवणारी मीच होते.

सदस्यांना विषय समजण्यासाठी व सहभागी होण्यासाठी लागणारे प्रशिक्षण आणि साहाय्य केंद्राने पुरवावे, अशी तरतूद कायद्यातच आहे. आमच्याकडे त्याचा अर्थ वर्षातून एक प्रशिक्षण सत्र आणि जाडजूड कागदपत्रांचा गठ्ठा एवढाच उरला होता. त्यानंतर आम्ही तीन गोष्टी बदलल्या. प्रत्येक ठरावाच्या पुढे सोप्या भाषेतले एक पान जोडायचे, आणि त्यावर काय ठरवायचे आहे, त्याचा कोणावर परिणाम होईल आणि नाही म्हटले तर काय होईल, एवढेच लिहायचे. ज्यांना हवे असेल त्या सदस्यांसोबत एका साहाय्यकाने सभेच्या दोन दिवस आधी बसून विषयपत्रिका वाचायची; मात्र कोणते मत द्यावे याविषयी त्याने अवाक्षरही काढायचे नाही. आणि टेबलावर प्रत्येकापुढे एक लाल कार्ड ठेवायचे: ते वर केले की बोलणाऱ्याने थांबायचे आणि तोच मुद्दा वेगळ्या शब्दांत पुन्हा मांडायचा. हे कार्ड सर्वांना दिले आहे, हे मी मुद्दाम सांगते, कारण पहिल्या सभेत ते सर्वांत आधी वर केले आमच्या एका वकील सदस्याने, लेखापरीक्षणाचा अहवाल चालू असताना.

यामुळे सभा लांबल्या. त्यावर नाराजीही झाली, आणि ती मी समजू शकते. दिवसभराची नोकरी करून येणाऱ्या स्वयंसेवकाला रात्रीचा आणखी पाऊण तास मागणे सोपे नसते. पण काही महिन्यांनी, अपंगत्व असलेल्या व्यक्ती दिवसा जिथे जातात त्या दिवसकालीन केंद्रांकडे जाणाऱ्या वाहनसेवेचा करार मंजुरीसाठी आला. दर, विमा, चालकांची पात्रता, सारे तपासून झाले होते. त्याच सदस्येने सोपे पान हातात घेऊन विचारले, "गाडीत सर्वांत आधी बसणारा माणूस किती वेळ बसून राहणार?" याचे उत्तर कागदांत कुठेही नव्हते. ती स्वतः रोज त्या गाड्यांतून जाते. आमच्यापैकी इतर कोणीही जात नाही. करार पुढच्या सभेपर्यंत लांबणीवर टाकला, आणि परत आला तेव्हा त्यात एका फेरीतील प्रवासाच्या कमाल वेळेचे आणि त्याचा अहवाल देण्याचे कलम होते.

पालक म्हणून मंडळावर बसणाऱ्यांनाही एक गोष्ट शिकावी लागते, आणि ती मला फार जड गेली. आपले मूल घरी आहे हे विसरता येत नाही, पण मत मात्र त्याच्यासाठी देता येत नाही. विश्रांतीसेवेच्या, म्हणजे काळजी घेणाऱ्या कुटुंबाला काही तासांची उसंत मिळावी यासाठीच्या तरतुदीच्या, धोरणावर चर्चा झाली तेव्हा माझ्या मनात माझ्याच घराचे तास मोजले जात होते. ते लक्षात येताच मी तसे सभेत सांगितले आणि त्या विषयापुरते अध्यक्षस्थान उपाध्यक्षांकडे दिले. नियमाने तसे करणे बंधनकारक नव्हते, पण मला ते आवश्यक वाटले.

प्रत्येक केंद्राला सेवांवरील खर्चाची आकडेवारी वय, वंश आणि भाषा यांनुसार दरवर्षी प्रसिद्ध करावी लागते आणि तिच्यावर जाहीर सभा घ्यावी लागते. त्या सभेत मी अध्यक्ष म्हणून बसते तेव्हा मला आपलीच माणसे आठवतात. "आपलं आपण बघू, दुसऱ्याकडे कशाला हात पसरायचा" हे वाक्य मी किती घरांत ऐकले आहे, आणि काही वर्षे स्वतःही म्हटले आहे. पण या सेवा कोणाची मेहेरबानी नव्हेत. १९८५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायद्याने दिलेला हक्क असल्याचे स्पष्ट केले आहे. न मागितलेली सेवा आकडेवारीत केवळ कमी खर्च म्हणून दिसते, आणि ती का मागितली गेली नाही हे मंडळाला सांगणारे त्या खोलीत कोणी नसते.

आठ वर्षांच्या काळात कोणत्याही सदस्याला सातपेक्षा अधिक वर्षे मंडळावर राहता येत नाही, त्यामुळे माझ्याकडे एकच वर्ष उरले आहे. अर्थसमितीवर अपंगत्व असलेला एकही सदस्य आजवर नव्हता. वाहनसेवेचा प्रश्न विचारणाऱ्या त्या सदस्येने आता तिथे येण्याची तयारी दाखवली आहे. साहाय्यकाचे वाढीव तास अंदाजपत्रकात धरण्याचा ठराव पुढच्या सभेत येईल, आणि त्याचे सोपे पान या वेळी तिने स्वतः लिहून पाठवले आहे.